पोटात पाणी खेळलं!

मित्रांनो, पोलादाचे दोन जड ठोकळे एकमेकांवर गच्च बसवले की झालो मी! फवारणीच्या पंपाची झाकणे घडवणारा मी एक जुना साचा. फुलचूरला चंद्रकुमार शेठजींच्या कारखान्यात मी राबतो. वितळलेले प्लास्टिक जोराने माझ्या पोटात शिरते, थंड होऊन घट्ट बनते आणि मी उघडलो की झाकण बाहेर पडते.

मला घडवताना माझ्या बाहेरच्या भागात मला गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटा कोरल्या होत्या. झाकणाला आतून आकार देणाऱ्या माझ्या पोटातल्या खुंटापर्यंत मात्र पाणी पोहोचतच नव्हते, आणि झाकणाचे आटे तर त्याच्यावरच तयार होतात! बाहेरची बाजू आधी घट्ट व्हायची, आतली मागाहून आकसायची. झाकण किंचित वाकायचे. कोणाच्या लक्षातही येत नसे.

एके दिवशी सौंदडचे शेतकरी बकाराम कारखान्यात आले. त्यांनी सदरा वर केला. पाठ लालभडक झाली होती.

"शेठजी, कायले विकता असं झाकण? सारी दवाई माह्या पाठीवर गळून राहिली!"

शेठजींचा चेहरा उतरला. "बंद करा हा मोल्ड. भंगारात टाका. लोकांच्या अंगावर जहर नाही सांडवायचं मला."

 तेवढ्यात साच्यांचे आराखडे करणारी रीता पुढे झाली. ती देवरीची, नुकतीच कामाला लागलेली.

"काऊन टाकता, शेठजी? आधी तपासू तर द्या." तिने माझ्या दोन्ही बाजूंचे तापमान मोजले. "पाहा, बाहेरून कोमट आणि आत नुसती भट्टी! खुंटाला मधून भोक पाडू. त्यात बारीक नळी बसवू. पाणी नळीतून वर चढेल अन् बाजूने खाली उतरेल."

"आणि भोक जास्त खोल गेलं तर?"

"तर खुंट वाया. मग खुशाल भंगारात टाका."

"कर सुरू," शेठजी म्हणाले.

ड्रिल फिरू लागले. रीता थांबून थांबून खोली मोजत होती. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. अखेर नळी बसली, पाणी सोडले, आणि काय सांगू मित्रांनो, तो गारवा! आयुष्यात पहिल्यांदा माझे पोट शांत झाले.

नवे झाकण वाकले आहे का, हे पाहायला ते सपाट काचेवर ठेवले. कुठेही फट नाही! पण रीताने बकारामकाकांनाच बोलावून घेतले. पंपात साधे पाणी भरले, झाकण आवळले. काका पंप पाठीवर घेऊन अंगणात वाकले, पळाले, चक्क उड्याही मारू लागले. मग पंप उतरवून त्यांनी पाठ दाखवली.

"सुक्की हाये नं?"

"एकदम सुक्की!" सगळे ओरडले. टाळ्यांनी पत्रे दणाणले. शेठजींनी गावोगावची वाकडी झाकणे परत मागवली आणि बदल्यात माझी नवी झाकणे फुकट वाटली. आता प्लास्टिक लवकर थंड होते, म्हणून मी पूर्वीपेक्षा भराभर कामही करतो.

मित्रांनो, यंत्र बिघडले की लगेच त्याला भंगार म्हणू नका. ते कुठे तापते, का तापते, हे शोधा. माझ्या वाटांत क्षार साचू देऊ नका, त्या वेळच्या वेळी धुवा. एवढे कराल तर आम्ही जुनी यंत्रेही नव्यांना मागे टाकू!

चला, सरका जरा. प्लास्टिक वितळले आहे आणि माझी पाळी आली आहे!