कडी लावण्यात आली

कायद्याच्या कॉलेजात मसुदालेखन शिकवणाऱ्या बाईंना मुलं पाठीमागे 'कोणीबाई' म्हणत. कुणाच्याही कागदावर 'करण्यात आले', 'देण्यात आले' असं काही दिसलं, की बाई त्याखाली रेघ ओढून बाजूला लिहायच्या, 'कोणी?' पहिल्या वर्षाला आलेलं प्रत्येक पोर दोन-चार 'सदर' आणि एखादं 'सबब' ठोकून दिलं की झालो वकील, अशा थाटात असतं. बाई मग वर्षभर त्या फुग्यांना टाचण्या लावत बसायच्या. "आपोआप फक्त धूळ बसते," त्या म्हणायच्या. "बाकी सगळं कोणीतरी करतं. त्याला वाक्यात आणा."

वर्गात सगळ्यांत सफाईनं लिहायची ती छोटी. घरात धाकटी म्हणून पडलेलं हे नाव कॉलेजातही चिकटलं होतं. तिला आपल्या लिहिण्याचा गर्व होता आणि तो अगदीच फुकाचा नव्हता. त्यामुळे बाईंनी "एखादा खरा मसुदा आणा, नावं गाळून" असं म्हटलं, तेव्हा पहिला हात तिचाच वर गेला.

मसुदा खराच होता. तिच्या वहिनीनं दादाला वकिलामार्फत नोटीस पाठवली होती: नव्या नोकरीचा पहिला दिवस संपवून मी घरी आले, तेव्हा आतून कडी लावण्यात आली, हे माझंही घर आहे, मला पुन्हा तिथे राहू द्यावं. त्या नोकरीला दादाचा विरोध होता. तेव्हापासून वहिनी बहिणीकडे राहत होती. नोटिशीचं उत्तर दादानं छोटीला लिहायला लावलं. "घरचा वकील असताना बाहेर कशाला जायचं?" असं म्हणून तिला त्यानं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ती चढलीसुद्धा. दादाच्या वकिलांनी उत्तर वाचून मान डोलावली होती. "पोरीनं नेमकी नस पकडली हो," ते म्हणाले होते.

बाईंनी ते उत्तर पडद्यावर लावलं. नस पकडणारं वाक्य असं होतं: 'कडी कोणी लावली याचा नोटिशीत उल्लेख नाही, सबब सदर आरोप मोघम असून तो नाकारण्यात येत आहे.'

वर्गातून वाहवा आली. छोटीनं उगाचच वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "दुसऱ्याचा मोघमपणा बरोबर पकडला. आता आपलं बघू. कडी लागली होती, हे नवरा नाकारतोय का?"

मुलांनी पुन्हा वाचलं. नाही, नाकारत नव्हता.

"मग लावली कोणी?"

"नवऱ्यानं!" पहिल्या बाकावरून आवाज आला.

"तो तर दुसऱ्या परिच्छेदात म्हणतो, मी अंघोळ करत होतो."

"मग सासूनं."

"सासू परगावी गेली होती. तिसरा परिच्छेद."

वर्गाला आता चेव चढला. मागच्या बाकावर नेहमी पेंगणारा एक मुलगा चक्क उभा राहिला. "बाई, बायको बाहेर, नवरा न्हाणीघरात, सासू परगावी. म्हणजे घरात आणखी एक माणूस होतं. आणि लिहिणाऱ्यानं त्याला मुद्दाम गाळलंय."

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "लिहिणाऱ्यालाच विचारू या. कोण गं होतं घरात?"

छोटी उठली. तिचे कान तापले होते. त्या संध्याकाळी दादा न्हाणीघरात शिरता शिरता म्हणाला होता, "लाव कडी. राहू दे तिला बाहेर." आणि छोटीनं ती लावली होती. वहिनीनं दोनदा दार वाजवलं, मग हाक मारली, "छोटी, अगं उघड ना." तिनं उघडलं नव्हतं. हीच वहिनी भाजी चिरता चिरता तिची न्यायाधीश व्हायची, तिची युक्तिवादाची तालीम ऐकायची आणि कंटाळा आला की चमचा आपटून कोर्ट तहकूब करायची.

"माहीत नाही, बाई," छोटी म्हणाली. "पक्षकारानं सांगितलं नाही."

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पडद्यावरच्या वाक्याखाली रेघ ओढून 'कोणी?' लिहिलं. छोटीला जमीन दुभंगावी असं वाटलं. चाळीस पोरांनी मिळून तिला शोधून काढलं होतं आणि त्यातल्या एकालाही ते कळलं नव्हतं. ती मुलं तिच्याकडे कौतुकानं बघत होती, याची लाज तिला सगळ्यांत जास्त वाटली.

घरी आल्या आल्या तिनं मसुदा दुरुस्त करायला घेतला. 'कडी मी लावली,' असं लिहिलं आणि तिचं तिलाच हसू आलं, रडूही. उत्तर दादाच्या नावानं होतं. त्या कागदावरचा प्रत्येक 'मी' दादा होता. तिनं ते खोडून लिहिलं, 'माझ्या सांगण्यावरून माझ्या बहिणीने कडी लावली,' आणि कागद दादापुढे ठेवला.

दादानं वाचला. "वेड लागलंय का? आधीचं काय वाईट होतं?"

"त्यात कडी आपोआप लागत होती, दादा."

"लागू दे की! तुझं नाव येत नाही, माझं येत नाही. एवढं डोकं लावून लिहिलंस आणि आता स्वतःच्याच पायावर धोंडा?" त्यानं तिची ओळ खोडली. "आहे तेच जाईल. आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

छोटी गॅलरीत गेली आणि तिनं वहिनीला फोन लावला. नोटीस आल्यापासून ती वहिनीशी एकदाही बोलली नव्हती.

"वहिनी, ती कडी," ती म्हणाली. पुढे गाडी सरकेना. "ती कडी मी लावली होती."

"माहितीये गं."

"कसं?"

"आपलं दार घट्ट बसतं ना. कडी लावायला तुझा दादा खांद्यानं रेटतो, तू गुडघा मारतेस. मी जिन्यातच होते, गुडघ्याचा आवाज आला मला."

छोटी खाली बसली. "मग नोटिशीत माझं नाव का नाही घातलंस?"

"माझ्या वकीलबाई दहादा विचारत होत्या, कोणी लावली म्हणून. मी म्हटलं, नुसतं लावण्यात आली असं लिहा. तू वकील होणार. कोर्टाच्या कागदावर तुझं नाव पहिल्यांदा येईल ते असं कशाला यावं?"

छोटीनं त्याच वाक्याला मोघम म्हटलं होतं. त्याच फटीत बोट घालून दाद मिळवली होती. तिला इतकी शरम वाटली, की 'सॉरी' हा शब्द तोंडात येऊनही तिनं तो गिळला. तो फारच स्वस्त झाला असता.

"वहिनी, तुझ्या वकीलबाईंचा पत्ता पाठव."

"कशाला? दादाला कळलं तर काय होईल ते ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. पाठव."

आत दादा टीव्ही बघत होता. त्याच्यासमोरच टेबलावर बसून तिनं कोरा कागद ओढला. या कागदावरचा 'मी' तिचा एकटीचा होता. 'सदर' नाही, 'सबब' नाही. तिनं लिहिलं:

'मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की, कडी मी लावली. वहिनीने मला हाक मारली. ती मी ऐकली.'