चढते ठिपके

बसचं तिकीट उन्हात धरलं की पलीकडचं बोट दिसतं, इतकं पातळ; छपाई विरत चाललेली, पण अक्षरं अजून लागतात... पु-ना-व-ळे, आणि खाली सं-त... बन्सीने ती पुन्हा जुळवली, जणू या खेपेला वेगळी निघतील. निघाली नाहीत. संत तुकाराम नगर. चौतिसाव्या वर्षी तो कंपनीच्या वर्गात बसून अक्षरं शिकला होता, तपासणीचा कागद भरता यावा म्हणून, आणि उशिरा मिळालेल्या गोष्टीवर माणूस जरा जास्तच विश्वास ठेवतो.

पंधरा दिवसांपूर्वी हे तिकीट कस्तुराच्या कापडी पिशवीच्या तळाशी सापडलं. ती तर म्हणाली होती, वाकडला इंदुताईकडे जाऊन येते. इंदुताई तिची सख्खी बहीण. वाकड इथून, पुनावळ्यातून, हाकेवर, आणि संत तुकाराम नगर पार पिंपरीत. एकेचाळीस वर्षांच्या संसारात बायको खोटं बोलली असेल तर साखर संपली नसताना संपली म्हणण्याइतकं... मग तिथे कोण आहे? तिथे मोठं हॉस्पिटल आहे हे त्याला माहीत होतं. पण हॉस्पिटलातून येणारं माणूस असं गुणगुणत घरी येतं?

कारण ती गुणगुणत होती. उजळली होती. कुणाला सांगून पटलं नसतं, म्हणून त्याने ते मोजलं होतं — जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने चार्ट आखून, रोज जेवणानंतर एक ठिपका, ती जितकी उजळ दिसेल तितका वर. तीस वर्षं त्याने हेच केलं: मशीनवर कातून निघालेले पाच जॉब दर तासाला उचलायचे, मायक्रोमीटर लावायचा, सरासरी काढायची, ठिपका द्यायचा. सात ठिपके ओळीने चढले की मशीन थांबवायचं, मग भले प्रत्येक माप मर्यादेत का असेना. लोकांना वाटतं बिघाड म्हणजे काहीतरी कमी होणं. पण कातणारं टूल झिजत आलं की जॉबचा व्यास वाढत जातो. वाढणं हीच खूण, की आत काहीतरी झिजतंय. कस्तुराचे बारा ठिपके होते. बाराही चढते.

तिकीट खिशात घालून तो हॉलमध्ये आला, आणि थबकला. नात तेजल लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि पडद्यावर — तेच ठिपके. सपाट, सपाट, मग चढत गेलेले.

"हा कुठल्या मशीनचा?"

"मशीन नाही आबा, तारा आहे," ती हसली. "शेजारच्या दीर्घिकेतला. आपल्या आकाशगंगेत जेवढं दिसतं ना, त्याच्या कितीतरी पट वजन आहे, पण ते कशाचं, कळत नाही. म्हणून पलीकडच्या लाखो ताऱ्यांवर नजर ठेवायची. मधून न दिसणारं, जड असं काही गेलं, की मागचा तारा थोडे दिवस जास्त तेजस्वी दिसतो."

"मधी आलं तर झाकंल. उजळंल कसं?"

"तेच तर! जड वस्तू उजेडाला वाकवते. भलतीकडे जाणारा उजेड आपल्याकडे वळतो. भिंगासारखं."

"म्हंजे ताऱ्याला काय बी झालेलं न्हाई?"

"त्याला पत्ताही नसतो."

"आन चोर घावला का?"

"फार थोडे. एवढी वर्षं बघूनसुद्धा. बहुतेक वेळा ताराच आतून कमीजास्त होणारा निघतो. म्हणून पहिला संशय ताऱ्यावर."

"तू इन्स्पेक्शनवालीच की गं."

"फक्त ओव्हरटाइम मिळत नाही, आबा."

तो बाल्कनीत येऊन उभा राहिला. न दिसणारं आणि जड. म्हणजे ती उजळली हा तिचा गुन्हा नव्हेच — तिच्या आणि त्याच्या मध्ये काहीतरी सरकत होतं. कोण? साठी ओलांडलेल्या बाईबद्दल असं मनात आणताना मला लाज वाटत नाही? वाटते. पण लाज वाटली म्हणून माप बदलत नाही... आणि मग, नको असताना, ते हॉस्पिटल पुन्हा आलं. एखादी गाठ. कुणाला न सांगितलेली. जायचं ठरलेलं माणूसही असं उजळतं म्हणतात, सगळ्यांशी गोड बोलतं, फडताळं आवरतं — कस्तुराने परवाच फडताळ आवरलं होतं. त्याने कठडा घट्ट धरला. आज विचारायचं. सरळ.

आजही इंदुताईकडे जाते म्हणून गेलेली कस्तुरा एक वाजता आली, पाय धुतले, ताटं मांडली.

"कशी हाय इंदुताई?"

"बरी हाय. गुडघं धरल्यात." हात थांबला नाही, डोळा हलला नाही. इतकं सफाईदार! "जेवा की. नुसतं बघताय."

"कुठं बघतोय?"

"माज्याकडं! तेजल, बघ गं तुजा आबा. पंधरा दिस झालं, घास तोंडात आन डोळं माज्यावर. आदी टीव्हीकडं बघून जेवायचा. एकेचाळीस वरीस वाढतीया, माज्या कपाळाला कुकू हाय का राख, ह्येंला ठावं नव्हतं. आता मेली लाज वाटती मला." ती हसली, आणि पदर सारखा केला, जो सारखाच होता.

"आबा, लाइन मारताय होय?" तेजल म्हणाली.

पंधरा दिवस. ठिपके बारा. म्हणजे बघणं आधी, आणि उजळणं... त्याच्या आधी ती कशी होती? त्याने आठवून पाहिलं. ठिपका नव्हता. एकेचाळीस वर्षांचा एकही ठिपका नव्हता. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगतात: जॉब फार वेळ हातात धरून मोजू नकोस, हाताच्या उबेने माप वाढतं. त्यानेच कितीजणांना सांगितलं होतं, दरडावून.

पण ती तिथे गेली होती हे खरंच होतं. इंदुताईचे गुडघेही खोटे असतील. प्रश्न ओठांवर होता, आणि विचारायला हीच वेळ होती... ती काय सांगेल? वाईट काही सांगेल, ही भीती पंधरा दिवसांची, ओळखीची झालेली. आता तिच्या शेजारी दुसरी भीती येऊन बसली — कस्तुरा साधंच काहीतरी सांगेल. दाताचा डॉक्टर, जुनी शेजारीण. तो हुश्श करेल, आणि उद्या जेवताना डोळे कुठे जातील?

कस्तुरा ताट उचलून उठायला लागली.

"अर्धी भाकरी दे अजून," तो म्हणाला. भूक नव्हती.

ती पुन्हा समोर बसली, भाकरी मोडून वाढू लागली, आणि तो बघत राहिला — पकडण्यासाठी की कशासाठी, हे त्याचं त्यालाच धड सांगता आलं नसतं.