निजलेल्या यंत्राचा पहारा

आईने स्वतःच्याच दंडाला चिमटा काढला. तपासणीच्या खोलीत ती पलंगावर पाय सोडून ताठ बसली होती. पापण्या मिटू लागल्या की चिमटा, पुन्हा मिटू लागल्या की पुन्हा. दंड काळानिळा पडला होता, तेव्हा कुठे लेकीचं लक्ष गेलं.

आईच्या छातीत पेसमेकर बसवल्यापासून जखम छान भरत होती, पण आई मात्र दिवसेंदिवस उतरत चालली होती. अशीच खंगत गेली तर पुन्हा दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं.

"झोपत नाहीस ना तू?" लेकीने विचारलं.

आईने आधी यंत्र तपासायला आलेल्या टेक्निशियन बाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"तूच म्हणालीस ना, ते झोपतं म्हणून."

लेक चिप बनवणाऱ्या कंपनीत होती. हाताशी काम नसलेल्या प्रोसेसरने वीज कशी वाचवायची, हे बघणं तिचं काम. आईला धीर यावा म्हणून तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की यातला प्रोसेसर बहुतेक वेळ झोपलेलाच असतो, म्हणून तर एवढीशी बॅटरी वर्षानुवर्षं पुरते. आईने त्यातून आपला सरळ अर्थ काढला : तेही झोपणार, मीही झोपणार, मग पहारा कोणाचा? तेव्हापासून ती खुर्चीत बसून रात्री काढत होती. डुलकी आलीच तर उठून घरभर फिरत होती.

लेकीने तिला सर्किट समजावून पाहिलं. आई मान डोलवत राहिली, पण ती पाहुण्यांच्या गप्पांना डोलवतात तशी. शेवटी लेक तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू पाळणाघर चालवायचीस, तेव्हा दुपारी मुलं निजली की तूही लवंडायचीस ना?"

"पाठ टेकायचे नुसती."

"चांगली घोरायचीस."

टेक्निशियन बाई तोंडावर हात ठेवून हसल्या. आईने लेकीला कोपरखळी मारली.

"बाहेरून ट्रक गेला तरी तू कूस बदलायची नाहीस. आणि कोपऱ्यातलं एखादं पोर नुसतं मुसमुसलं, की उठून त्याच्यापाशी. तेव्हा तुझं जागं काय असायचं?"

आई विचारात पडली. एवढी वर्षं तिला हे कोणी विचारलंच नव्हतं.

"कान," ती म्हणाली.

या यंत्राचाही कान जागाच असतो, लेक सांगू लागली. कानाला वीज लागते ती नखभर. तो तुझ्या हृदयाचा प्रत्येक ठोका ऐकतो. ठोका वेळेवर पडला तर कोणाला हाक मारत नाही. पडला नाही, तर झोपलेल्याला हलवतो. ते उठतं, एक ठोका देतं आणि पुन्हा आडवं होतं. उगाच टक्क जागं राहिलं, तर मात्र लवकरच गळून जाईल.

"माझ्यासारखं," आई म्हणाली आणि आडवी झाली.

बाईंनी आतल्या यंत्राची नोंद वाचणारी एक चपटी चकती तिच्या छातीवर ठेवली. पडद्यावर रेघ धावू लागली. हृदयाने स्वतः घेतलेल्या ठोक्याखाली एक खूण उमटे. यंत्राने दिलेल्या ठोक्याची खूण वेगळी असते, असं बाईंनी दाखवून ठेवलं. नुसते डोळे मिटते म्हणता म्हणता आई घोरू लागली.

हृदय संथ होत गेलं. दोन खुणांमधलं अंतर वाढत चाललं. या झोपेचे आणि जागेपणाचे आलेख लेकीने किती काढले असतील, पण कोणासाठी उठायचं असतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. रेघ सपाट पुढे सरकली. आणखी थोडी सरकली. लेक उठून पडद्यापाशी गेली.

वेगळी खूण उमटली. आईची छाती शांतपणे वरखाली होत होती.

"आत्ताचा...?" लेक कुजबुजली.

बाईंनी होकारार्थी मान हलवली. पुढचा ठोका हृदयाने आपला आपण घेतला. यंत्र पुन्हा निजलं होतं. लेक पडद्यासमोर तशीच उभी राहिली, देवळाच्या गाभाऱ्यापाशी माणूस उभं राहतं तशी.

बऱ्याच वेळाने बाईंनी दार उघडून पुढच्या पेशंटला मोठ्याने हाक मारली. आईची पापणी किंचित हलली.

"तेही निजलंय का गं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"निजलंय."

"मग हळू बोला की जरा," आई म्हणाली आणि कुशीवर वळली.