अनुमती द्या

ती इवलीशी घंटा पुन्हा वर आली होती – काचेच्या डाव्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तिच्या शेजारी तशाच आणखी तीन; आणि गहिनीनाथला ठाऊक होतं की बोट लावून वरचा पडदा खाली ओढला की काय दिसणार... नाही ओढायचा. त्यानं फोन खाटेवर पालथा घातला. आणि पालथा फोन बघून त्याच्या अंगाची पुन्हा आग झाली, कारण सहा दिवसांपूर्वी सुनेनं तो असाच पालथा घातला होता, त्याच्याच खाटेवर, त्याच्या देखत, त्याला एक अक्षर न बोलता.

बोलली असती तर बरं झालं असतं. ‘आण्णा, हे काय हो?’ एवढं म्हणाली असती तरी याला तोंड उघडता आलं असतं. पण राजेश्वरी पडली गुणाची. अशू – अश्विनी, नात, सहावीतली – त्याच्या खाटेवर पालथी पडून, हनुवटी उशीवर टेकवून त्याच्या फोनवर गोदावरीची माहिती वाचत होती, रोजच्यासारखी, शाळेनं सांगितलेली. उगम त्र्यंबकेश्वर, लांबी इतकी इतकी. आणि हा मध्येच, ‘अगं आपल्या घाटावरनं जाते ती, तिची लांबी फोनला काय विचारतेस,’ म्हणून तिला चिडवत होता... आणि वरून ती पट्टी घसरत खाली आली. बाई. अंगावर धड चिंधी नाही. आणि खाली चक्क मराठीत, शुद्ध मराठीत: ‘तुमच्या गावातली एकटी स्त्री तुमची वाट पाहत आहे.’ पुणतांब्यात! कोण वाट बघणार होतं पुणतांब्यात त्याची, अडुसष्टाव्या वर्षी? राजेश्वरी त्याच क्षणी चहा घेऊन आलेली. तिनं पोरीच्या हातातून फोन काढला, पालथा घातला, आणि म्हणाली, “चल गं, दळण आणायचंय.” दळण! सकाळीच आणलं होतं दळण, पिठाचा डबा गळ्यापर्यंत भरलेला होता, त्यानंच भरला होता.

तेव्हापासून चहा अशू आणत नाही. राजेश्वरी आणते, स्टुलावर ठेवते, पदर सावरते – आधी सावरायची का? आठवत नाही, आणि आता हे आठवत बसायची वेळ आपल्यावर आली याचीच चीड – आणि जाते. “अशू कुठं गं?” म्हणून विचारलं तर, “तिला अभ्यास हाय, आण्णा.” आतल्या खोलीतून त्या पोरीचा वाचल्याचा आवाज येतो. एवढा मोठ्यानं वाचते की जणू त्यालाच ऐकवते. गेली तीन वर्षं, म्हातारी गेल्यापासून, त्या पोरीचा अभ्यास या खाटेवर होत होता. घरात त्याचं म्हणून काही उरलं असेल तर तो तासभर. तोच नेला. न विचारता नेला.

आणि काल सुप्याहून कल्याणचा फोन. कंपनीतून सुटल्यावर लेक दोन दिवसांआड फोन करतो, तब्येत विचारतो, पाऊसपाणी विचारतो. काल सगळं विचारून झाल्यावर थांबला. मग म्हणाला, “आण्णा, फोन जरा जपून वापरत जावा.”

“म्हंजी?”

“काय न्हाई. सहज म्हनलं.”

सहज! ज्या पोराला ढुंगण धुवायला शिकवलं ते सहज शिकवतंय! म्हणजे हिनं सांगितलं. म्हणजे नवरा-बायकोत बोलणं झालं, कसं झालं असेल, हळू आवाजात झालं असेल... ‘म्हातारचळ लागलाय, दुसरं काय, सासूबाई गेल्यापासून...’ शी! मी? एकतीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर काढली, नाकासमोर चाललो, बायामाणसं डोक्यावर हारे घेऊन फाटकातून गेली तर मान खाली घालून उभा राहिलो, आणि आता पिकलं पान झाल्यावर माझ्या नावानं हे? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चहा तसाच ठेवून त्यानं चपला घातल्या. स्टेशनजवळ रुपालीचं दुकान होतं, मोबाईलचं आणि झेरॉक्सचं. शेजारच्याच आळीतली पोरगी, लग्न होऊन चार वर्षांत परत आलेली, दुकान टाकून पायावर उभी राहिलेली. तिच्याकडे लाज कमी वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण काउंटरवर फोन त्यानं पालथाच ठेवला. “ह्यात काहीतरी घुसलंय,” तो म्हणाला. “घाण येते वरून. काढून टाक.”

तिनं बघितलं. तोंड वाकडं केलं नाही की हसली नाही, भराभरा बोटं चालवली आणि म्हणाली, “आण्णा, घुसलं-बिसलं काय न्हाई. तुमीच बोलवलंय हेंना.”

“मी?”

“हे बगा. अनुमती दिलेल्या साइट. त्रेसष्ट हायेत.”

त्रेसष्ट. तिनं यादी वरखाली फिरवली. विलायती नावं, आकडे, एकही ओळखीचं नाही. मग तिनं समजावलं – गाडी कुठपर्यंत आली हे बघायला आण्णा ज्या फुकटच्या साइटवर जातात, तिथं आधी एक चौकट येते, ‘सूचना पाठवू का’ म्हणून विचारते, खाली दोन बटणं असतात, ‘ब्लॉक करा’ आणि ‘अनुमती द्या’. अनुमती दिली की ती आणखी कुठंतरी नेऊन सोडते, तिथं पुन्हा चौकट. “लोकं न वाचता न्हाई म्हनत्यात,” रुपाली म्हणाली. “तुमी परतेक टायमाला व्हय म्हनलंय.”

म्हटलंय. का नाही म्हणणार? फोनमधून प्रश्न आला की उत्तर दिल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, हे त्याच्या हाडात मुरलेलं होतं. स्टेशनातून मास्तर फोन करायचे, गाडी निघाली, फाटक लावता का. यानं फाटक लावायचं, परत फोनवर यायचं, हो म्हणायचं, फाटक लागल्याची खूण म्हणून कागदावरचा ठरलेला आकडा सांगायचा, वहीत लिहायचा. एकतीस वर्षांत फोनवर एकदाही ‘नाही’ म्हटलं नाही. नाही म्हटलं तर गाडी सिग्नलला उभी राहते, डब्यातली हजार माणसं उभी राहतात. आणि त्यात ही चौकट तर किती अदबीनं विचारायची – अनुमती द्या. घरात त्याची अनुमती कोण मागत होतं? रंग कुठला द्यायचा, गाय ठेवायची की विकायची, कुणी विचारलं? फोन विचारत होता. रोज सकाळी, मनमाडकडची गाडी किती उशिरा धावतेय ते बघायला बसलं की हा भला माणूस आधी विचारणार, आणि गहिनीनाथ मोठ्या समाधानानं बोट टेकवणार. हात दाखवून अवलक्षण! त्याला स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि मग लगेच त्या हलकटांच्या – अदबीनं दार वाजवायचं आणि आत येऊन असं करायचं? याला काही कायदा?

“ह्ये समदं काढते,” रुपाली म्हणाली, “आन् दुसरा ब्राउझर टाकून देते. ह्यो आदीचाच व्हता म्हनून तुमी वापरत व्हता. बगा, चार-पाच हायेत.” तिनं चित्रं दाखवली, रंगीत, गोल गोल. हा हलका आहे, डेटा कमी खातो. हा जाहिराती आडवतो, असल्या चौकटी येऊच देत नाही. “आन् ह्यो बंद केला की समदं इसरतो. काय बगितलं त्येचा मागमूसच ठिवत न्हाई.”

“मग तो कशाला वापरायचा माणसानं?” तो एवढ्या जोरात म्हणाला की झेरॉक्सला आलेला एकजण वळून बघायला लागला. “मागमूस पुसायला मी काय चोर आहे? आठवण ठेवणारा टाक. सगळं दिसू दे. कुणीही यावं आणि बघावं.”

रुपालीनं जाहिराती आडवणारा घेतला. जुन्यातली हिस्ट्री पुसू का म्हणाली, तर तो काउंटरवर वाकून ओरडला, “पुसू नको!” तोच तर पुरावा होता. हीच यादी नेऊन राजेश्वरीपुढं धरायची: बघ, वाच. तिनं ती दाखवली आणि तो वाचायला लागला – गाडी कुठे आहे, गाडी कुठे आहे, कांदा भाव राहाता, गुडघेदुखी घरगुती उपाय, गाडी कुठे आहे, ज्ञानेश्वरी अध्याय बारावा, गाडी कुठे आहे... आणि मध्येच, चार ठिकाणी, नुसतं ‘रंगुबाई’. म्हातारीचं नाव. का टाकलं होतं? फोनला सगळं माहीत असतं म्हणतात म्हणून टाकलं होतं, दुसरं काय... भलत्याच रंगुबाया आल्या होत्या, कुणी सरपंच, कुणी कीर्तनकार. रुपालीनं तिथं बोट जरा जलद फिरवलं. तिला कळलं हे त्याला कळलं, आणि पोरीचं चांगुलपणसुद्धा त्याला त्या क्षणी सोसवेना.

परत येताना तो मुद्दाम जुन्या फाटकावरून आला. फाटक आता नाही, भुयारी रस्ता झालाय. फाटकवाल्याची खोली, गुमटी, तेवढी उभी आहे, पत्रा उडालेली. चालता चालता तो सुनेला काय काय म्हणायचं ते जुळवत होता. ‘बाई, एका शब्दानं विचारायचं होतंस. माणूस उभा जन्म कसा वागला ते बघायचं सोडून एका चित्रावरून...’ हे छान होतं. एका चित्रावरून. बजरंगचं वेगळं होतं.

बजरंग कशाला आठवला? गुमटीमुळे. बजरंग त्याचा जोडीदार, बारा तास हा, बारा तास तो. पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. त्याचं वेगळं होतं, त्याच्या गादीखाली पुस्तक सापडलं होतं, चित्रांचं, घाणेरडं, आणि ते गहिनीनाथनं स्वतः, सकाळी पाळी घेताना, सतरंजी झटकताना... ‘माझं न्हाई,’ बजरंग म्हणाला होता, ‘राती फाटकात ट्रक थांबला हुता, त्याचा डायव्हर हितं टेकला हुता.’ सगळे असंच म्हणतात. गहिनीनाथची थोरली लेक तेव्हा सहावी-सातवीत, डबा घेऊन यायची, लवकर, बजरंगची पाळी संपायच्या आतच यायची; तो तिला हिरवं निशाण धरायला द्यायचा, चिंचा काढून ठेवायचा. डबा बंद केला. भांडण नाही, तंटा नाही, फक्त लेकीला पाठवणं बंद केलं. आठवड्यानं बजरंगनं विचारलं, ‘पोरगी दिसंना?’ आणि हा म्हणाला होता – काय म्हणाला होता? – ‘अभ्यास आहे तिला.’

ऊन डोक्यावर आलं होतं. तो भराभरा चालायला लागला. वेगळं होतं ते. पुस्तक म्हणजे पुस्तक, हातात धरता येतं. ते कुणीतरी आणावं लागतं. इथं तर आपोआप... म्हणजे आपण अनुमती दिली, पण कशाला देतोय ते ठाऊक नव्हतं. बजरंगला तरी कुठं... गप. गप बस. आधी सुनेशी बोलायचं.

राजेश्वरी ओट्याजवळ लसूण सोलत बसली होती. आतून अशूचा आवाज येत होता, पाढे चालले होते, सतराचे. तो चौकटीत उभा राहिला, फोन पुढं धरून, यादी उघडलेली, घसा खाकरून.

“उन्हाचं कशाला गेल्ता आण्णा?” ती म्हणाली. “चहाबी तसाच ठिवला.”

“राजेश्वरी, या फोनचं... मी रुपालीकडनं बघून आलोय. हे बघ तू. वाच. सगळं आहे यात.”

तिनं फोनकडे बघितलं नाही. तिची मान आणखी खाली गेली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि मग ती अगदी मऊ आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तशी म्हणाली, “ऱ्हाऊ द्या ना आण्णा. झालं त्ये झालं. मी ह्यांच्याबिगर कुनाला बोलले न्हाई. माज्या मनात काय न्हाई आता.”

मनात काही नाही! म्हणजे माफ केलं. जे केलंच नाही ते माफ केलं, आणि वर लसूण सोलतेय! त्याच्या कानात सूं झालं. फोन तिच्या लसणात आदळावा, ओरडावं, शेजारपाजार गोळा करावा, यादी एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवावी, रंगुबाईसकट... तोंड उघडलं, आणि शब्दाऐवजी बजरंगच पुढं उभा राहिला. त्या डायव्हरला घेऊन आलेला. हो, आणलं होतं त्यानं. चार महिने वाट बघून, त्या ट्रकचा नंबर ध्यानात ठेवून, तो पुन्हा फाटकात थांबला तेव्हा त्या माणसाला बखोट धरून गुमटीच्या दारात उभं केलं होतं आणि घामाघूम होऊन म्हणाला होता, ‘इचारा ह्याला, गहिनीनाथ, तुमीच इचारा.’ आणि यानं विचारलं नव्हतं. त्या माणसाकडे बघितलंही नव्हतं. बजरंगच्या खांद्यावर हात ठेवून, किती मायेनं, म्हणाला होता, ‘राहू दे रे बजरंग. माझ्या मनात काही नाही.’ घरी येऊन म्हातारीला सांगितलंही होतं, आणि ती म्हणाली होती, तुमचं मन लई मोठं. तो मोठेपणा एवढी वर्षं जपला होता त्यानं. लेकीला मात्र पुन्हा कधी पाठवलं नव्हतं.

सतरा नवे... सतरा नवे... आत अशू म्हणाली, मग अडखळली, थांबली. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. राजेश्वरीनं लसणाची पुढची पाकळी घेतली. सांगावं का... एकशे त्रेपन्न गं, म्हणावं का इथूनच... चौकटीत उभ्या उभ्या त्याला आपला राग शोधावा लागत होता. सकाळपासून एवढा अंगभर होता, त्याच्या जोरावर तर स्टेशनपर्यंत जाऊन आलो, आणि आता सुनेवर टाकायला जावं तर तो तिच्यापर्यंत पोचतच नव्हता, मागे वळून त्याच्याच अंगावर येत होता. बजरंगनं त्या दिवशी डायव्हरचं बखोट सोडून दिलं, निशाणं घेतली आणि पाळीवर उभा राहिला. त्यानं मारायला हवी होती, गहिनीनाथला वाटलं. खांद्यावरचा तो हात झटकून खाडकन आपल्या थोबाडीत मारायला हवी होती.