फुकटची, पण मिंधी नाही

मी या घरातल्या कॉम्प्युटरची फायरवॉल बोलतेय. हो, तीच, कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेली! बाहेरून इंटरनेटवरून येणाऱ्या प्रत्येकाला दारात अडवायचं, ओळख नसेल तर हाकलायचं, हे माझं काम. आणि ते मी उठसूट कुणाला न विचारता करते.

घरच्या बाई शिवणकाम करतात. बावीस वर्षांत आखलेले कोटांचे, फ्रॉकांचे सगळे नमुने याच कॉम्प्युटरमध्ये, दुसरीकडे कुठेही नाहीत. ते गेले तर बाईंचे हातच गेले. एवढा ऐवज मी सांभाळला, पण कौतुक? छे! प्रिंटर रुसला तरी पहिला संशय माझ्यावर.

मग आले जावईबापू. "आई, फुकटच्या वस्तूवर कसला भरवसा ठेवता? ही बघा, विकतची फायरवॉल!" एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, म्हणून त्यांनी मला बंद केलं. असा संताप आला म्हणून सांगू!

नवी बया भारी चौकस. याला येऊ देऊ? त्याला जाऊ देऊ? दिवसातून पन्नासदा. पहिले दोन दिवस बाईंनी चष्मा लावून वाचलं. तिसऱ्या दिवसापासून न वाचताच हो, हो आणि हो. अगं बाई, मग विचारतेस तरी कशाला?

एका सकाळी बाहेरच्या कुणीतरी आत यायची परवानगी मागितली. बाईंच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हाताने दाबलं "हो". थोड्या वेळाने पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागला आणि कोटांचे नमुने एकेक करून पुसले जायला लागले. बाई किंचाळल्या, पण डगमगल्या नाहीत हो! इंटरनेटची वायर त्यांनी भिंतीतून उपटलीच. तरी अकरा कोट गेले ते गेलेच.

जावईबापू धावत आले. सगळी साफसफाई करून खाली मान घालून म्हणाले, "आई, याहून महागडी बघू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "कापड कापण्याआधी मी दोनदा मापते, आणि इथे न वाचता हो म्हणत बसले. चूक माझीच. पण मला सारखी विचारणारी नको, नाही म्हणणारी हवी. ती जुनीच चालू करा. आणि नमुन्यांची एक प्रत वेगळी काढून द्या."

तेव्हापासून मी पुन्हा दारात उभी आहे. परवा प्रिंटर परत रुसला. मला बंद करायला बाईंचा हात आला, थांबला, आणि त्यांनी आधी प्रिंटरची वायर बघितली. सैल होती!

तेव्हा मला फुकटची म्हणा, खडूस म्हणा, माझी ना नाही. बंद करायचं असेल तर समोर लिहिलेलं आधी वाचा, मग करा. तोवर दारातल्या अनोळखी पाहुण्याला माझं एकच उत्तर: नाही!