टेबलाच्या टोकाची खुर्ची

आमच्या माणसांची एक खोड आहे. पोटात कितीही कालवाकालव चालली असली तरी तोंडानं बोलायचं ते हवापाण्याचंच. मी जन्मभर बर्गनच्या बंदरात मासे विकले म्हणून माझी जीभ तेवढी सुटली. माहेरची माणसं अजून तशीच आहेत.

दर ऑगस्टमध्ये मी गवतकापणीला माहेरी, लियासेटला जाते. लियासेट हे आमच्या शेताचं नाव आणि आमचं आडनावही तेच. यंदा गेले तर अंगणापलीकडचं छोटं घर नवा लाल रंग लावून तयार होतं. माझ्या वहिनीनं, रागनफ्रिडनं, सत्तरी ओलांडल्यावर शिडीवर चढून ते स्वतः रंगवलं होतं. शेत पुढच्यांच्या हाती दिलं की म्हाताऱ्यांनी तिथं राहायला जायचं. पण मोठं घर कोणाच्या हाती जाणार, याबद्दल घरात चकार शब्द नव्हता.

आमच्याकडे शेत वाटत नाहीत. थोरल्याचा पहिला हक्क, मग मुलगा असो की मुलगी. वहिनीची थोरली, गीरिड, जहाजावर इंजिनियर आहे. धाकटा आयलेव्ह मात्र माझा दादा, म्हणजे त्यांचा बाप, वारल्यापासून या उतारावर राबतोय. आमचा उतार म्हणजे उभी भिंतच. वर ट्रॅक्टर चढत नाही आणि पाय घसरला तर थेट खाली फ्योर्डच्या, डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या पाण्यात. तिथं हा पोरगा कोयत्यानं गवत कापतो, खांब ठोकून तारा ओढतो आणि त्यावर गवत वाळत घालतो. त्या हिरव्या रांगा बघितल्या की माझी छाती भरून येते. पण यंदा तो गप्प होता, नेहमीपेक्षाही गप्प.

"काय रे, आजारी आहेस का?" मी विचारलं.

"नाही आत्या. पलीकडच्या गावात लाकडाच्या गिरणीत नोकरी धरलीय. हिवाळ्यासाठी गायी गोठ्यात गेल्या की निघतो."

"शेत सोडून? गीरिडला विचारलंस?"

"विचारलं तर तिला तोंडावर नाही म्हणावं लागेल. हक्क तिचा आहे. तिला कशाला पेचात पाडू?"

मी तशीच गीरिडला गाठली. ती पलीकडे तारेवर गवत टाकत होती. इतकी वर्षं समुद्रावर काढूनही हाताची लय सुटली नव्हती.

"तुला हवंय का गं हे शेत?"

"मला? आत्या, मी हक्क सोडायलाच आलेय. पण त्यानं मागायला तर हवं. न मागता दिलं तर त्याला वाटेल, बहिणीनं भीक घातली."

कपाळावर हात मारून मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी आंबट सायीची लापशी ढवळत होती. कापणीच्या दिवशी तीच असते, सोबत सुकवलेलं मांस.

"वहिनी, तुमची दोन्ही पोरं बावळट आहेत," मी म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

वहिनीचा हात थांबला. "गिरणीत चाललाय तो?"

"मग काय! तुम्ही एका शब्दानं हे मिटवू शकता."

"नाही वन्सं. तुमच्या दादाला समुद्रावर जायचं होतं. थोरला म्हणून सासऱ्यांनी टेबलाच्या टोकाला मालकाच्या खुर्चीत बसवला. जन्मभर खिडकीतून जहाजं बघायचा. मी ठरवलंय, माझ्या पोरांना मी कुठंही ढकलणार नाही."

दादाचं हे मला कधी कळलंच नव्हतं. बायको म्हणून तिनं ते सोसलं आणि आई म्हणून त्यातून हे शिकली. या बाईपुढे मी मनातून वाकले. राग मात्र गेला नाही.

जेवायला चौघं आलो. टेबलाच्या टोकाची खुर्ची शेताच्या मालकाची. त्यानं "घ्या" म्हटल्याशिवाय आमच्याकडे कोणी चमचा उचलत नाही. वहिनीनं पातेलं ठेवलं आणि सरळ बाजूच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

"आई, तुझी जागा," आयलेव्ह म्हणाला.

"मी आता छोट्या घरातली. पाहुणी आहे. घरच्यांनी 'घ्या' म्हणावं, मग मी जेवीन."

खुर्ची रिकामी होती. पोरं दोन बाजूंना उभी. दिवसभर राबलेली चार माणसं भुकेनं कासावीस, समोर वाफाळती लापशी, आणि कोणी हलेना. वरच्या लोण्याचं तळं थिजायला लागलं. मी तोंड उघडणार तोच वहिनीनं टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

शेवटी गीरिड बाकावर बसली. "आयलेव्ह, लापशी गार होतेय. म्हण की."

"मी?"

"मग कोण? मी तर सोमवारी जहाजावर."

तो खुर्ची ओढून तिच्या कडेवर टेकला आणि ऐकूही येणार नाही अशा आवाजात म्हणाला, "घ्या."

आम्ही तुटून पडलो.

जेवण झालं की आमच्यात घरचे लोक बसल्या जागी "जेवणाबद्दल आभार" असं पुटपुटतात. यजमानाजवळ जाऊन हात हातात घेतो तो पाहुणा. गीरिड उठली, टेबलाला वळसा घालून गेली आणि तिनं हात पुढे केला.

"जेवणाबद्दल आभार."

बापाच्या घरात, आपल्या हक्काच्या घरात ती पाहुणी झाली. आयलेव्हनं तिचा हात धरला आणि सोडेचना. मला रडू आवरलं नाही.

"उद्या उताराची वरची पट्टी कापायचीय," तो म्हणाला.

"पाहुण्यांना कामाला लावतोस?"

"वरची खोली तुझीच आहे," तो म्हणाला. "मी या खुर्चीत आहे तोवर."