बावीस नावांचं गाणं

"मातोश्री नागुबाई या अत्यंत शांत, मितभाषी आणि…"

"मितभाषी म्हंजी काय गं?" मागच्या सतरंजीवरून वहिदाबींचा आवाज आला. भोंग्याच्याही वरताण.

मी मान खाली घालून पुटपुटले, "कमी बोलणारी, खाला."

"हौ? मंग ही कोन नागुबाई? म्या गलत मंडपात तर न्हाई बसले?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. नागुबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई; आपल्या जलदान विधीला, मेल्यानंतरच्या कार्याला, चार बायका हसल्या, हे त्यांना आवडलं असतं. त्यांच्या मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, ते आवडलं नाही. ह्यांचे कान लाल झाले. पुढच्या ओळी ह्यांनी घाईघाईनं वाचल्या. जन्म देवणीकडचा, लग्न, वैधव्य, काबाडकष्ट, मुलाचं शिक्षण, मुलगा आज लातूरला कचेरीत हेडक्लार्क. चांगला कागदभर मजकूर होता. त्यात गाणं नव्हतं.

आत्याबाईंमधून गाणं वजा केलं, तर रेशनकार्डावर असतं तेवढंच उरतं. नाव आणि वय, तेही अंदाजे.

तो कागद मी आदल्या दिवशीच वाचला होता.

"गाण्याचं राहिलं की," मी म्हणाले.

"साहेब लोक यायलेत उद्या. कशाला ते?" हे म्हणाले.

ह्या 'कशाला'चं वय वीस वर्षांहून जास्त आहे. पण त्याच्याआधी गाण्याचं सांगते.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला रस्त्याचं काम निघालं. आत्याबाई आणि दुसऱ्या बावीस बायका, अशी टोळी खडी फोडायला बसायची. त्यात आमच्या वस्तीतल्या होत्या, वहिदाबी होत्या, लिंगायताघरच्या कमलम्मा होत्या. एरवी एकमेकींच्या उंबऱ्याला न शिवणाऱ्या बायका दुष्काळानं एका ढिगावर बसवल्या. पोटात मूठभर सुकडी, डोक्यावर ऊन. दुपारी झापड यायची आणि हातोडी दगड सोडून बोटावर पडायची. आठवड्यात तिघींची बोटं ठेचली, तेव्हा आत्याबाईंनी गाणं बांधलं. जिची मान कलली तिचं नाव त्यात घ्यायचं.

ऊन आलं डोईवर, सावली पायाखाली
सरजा माझी बाई, जागी हाय का झोपली?

की सरजाबाईनं दचकून ओरडायचं, "जागी हाय!" साद आल्याशिवाय दुसरं नाव घ्यायचं नाही, असा नियम. सुरुवातीला मान बघून नाव घ्यायच्या, पुढं सगळ्याच जणी पेंगायला लागल्यावर बावीसच्या बावीस नावं ओळीनं. मुकादम म्हणायचा, बायका मजा करायल्यात. पण त्यानंतर त्या टोळीत एकीचंही बोट ठेचलं नाही.

त्याच रस्त्यानं पुढं एसटी आली, आणि दहा वर्षांनी मी नवरी होऊन आले. लातूर नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं. नवी कचेरी, नवी टेबलं, नव्यानंच चिकटलेले आमचे हे. धर्मांतराआधी जन्मले म्हणून ह्यांचं नाव मारोती राहून गेलं, पण कचेरीत सगळे मारोतराव म्हणायचे, त्याचं ह्यांना लई कौतुक. कचेरीच्या कार्यक्रमात एक लोकगीत हवं होतं. ह्यांनीच हौसेनं आईचं नाव दिलं. हे ते आता सांगत नाहीत, मी सांगते.

आत्याबाई धुवट लुगडं नेसून माइकसमोर उभ्या राहिल्या. सरजाबाईचं नाव घेतलं आणि थांबल्या. सरजाबाई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. सभागृह गप्प. आत्याबाईंनी जरा वाट पाहिली, शेवटी नियम मोडून दुसरं नाव घेतलं, पुन्हा थांबल्या. चौथ्या नावाला मागून कुणीतरी हसलं. पाचव्याला पुढच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. बाईला पुढचं आठवेना, असंच सगळ्यांना वाटलं. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. आठव्या नावानंतर हे वर गेले आणि आईचा दंड धरून तिला खाली घेऊन आले.

परतीच्या एसटीत निलंगा आलं. मग आत्याबाईच म्हणाल्या, "साद द्यायची आस्ती म्हून आदी सांगाया पायजे व्हतं मी. मला वाटलं, समद्यास्नी ठावं हाय."

त्यानंतर ह्यांच्या देखत त्या कधी गायल्या नाहीत. हे सायकल काढून फाट्याला गेले की चुलीपुढं गाणं सुरू. भाकरी थापता थापता मला नावं पाठ करायला लावायच्या. माझा गळा म्हणजे चढाला लागलेली एसटी.

"लई बेसूर हाईस गं पंचशीले," त्या म्हणायच्या, "पर नाव चुकत न्हाईस. ऱ्हाऊ दे. सूर काय, कुनाकडं बी आस्तो."

तर आता ह्यांचं वाचून झालं. बौद्धाचार्यांनी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द बोलायचेत?"

मी मागं वळून पाहिलं. टोळीतल्या चौघी उरल्या होत्या. एकीला ऐकू येत नव्हतं, दुसरीला दोघींनी धरून आणलं होतं. पुढच्या कुठल्या मंडपात ह्या चौघी एकत्र बसणार नव्हत्या. आज गाणं झालं नाही, तर ते त्या कागदामागं कायमचं जाणार होतं.

मी उठले. हे माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. घाबरून.

बोलायला उभी राहिले तर दोन शब्दांचे चांगले दोनशे झाले. खडीचं सांगितलं, बोटांचं सांगितलं. कचेरीतल्या कार्यक्रमाचं नाही सांगितलं, ते घरातलं होतं. शेवटी म्हणाले, "आता मी ते गाणं म्हणणार आहे. आवाजाची माफी असावी. जिचं नाव येईल तिनं 'जागी हाय' म्हणायचं. ती नसली तर तिच्या घरच्यानं कुणीही. साद आल्याबिगर मी फुडं जाणार न्हाई."

सरजाबाईचं नाव घेतलं आणि थांबले. मंडपात फक्त पंखा करकरत होता. आता एकही साद आली नाही तर? असंच वाटलं असेल का त्यांना, त्या माइकपुढं? मी पदर घट्ट धरला आणि उभी राहिले.

"जागी हाय!"

सरजाबाईचा पोरगा व्यंकटी, साठीला आलेला, डाळीच्या पातेल्यापाशी पळी हातात घेऊन उभा होता. पुन्हा एकदा ओरडला, "जागी हाय माय माजी!"

मग मात्र अडलं नाही. कमलम्माची सून उदगीरहून आली होती, तिनं कानडी हेलात साद दिली. एकीचं माहेरचं सासरचं कुणीच नव्हतं, तर तिच्यासाठी तिच्या शेजारणीनं दिली. वहिदाबींचं नाव आलं तशा त्या म्हणाल्या, "जागी हाय! आन् भैरी न्हाई म्या, हळू वरड!" ज्या खरंच बहिऱ्या होत्या, त्यांना नातीनं कोपरानं ढोसलं. लोक हसत होते, डोळे पुसत होते, आणि मी मनापासून बेसूर गात होते.

तेराव्या नावाला कचेरीतले साहेब खुर्चीतून उठले. हळूच म्हणाले, "मारोतराव, आम्ही निघतो. उशीर व्हायलाय."

माझा आवाज नावावर होता, कान तिकडं. हे त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. हात जोडले.

"बसा साहेब," हे म्हणाले. "आजून नऊ नावं राहिलीत."

मी ह्यांना ती नावं कधी सांगितली नव्हती. किती आहेत हेही नाही.

साहेब बसले. ह्यांची खुर्ची पुढं रिकामीच होती, पण हे मागं आले. वहिदाबी सतरंजीवर सरकल्या, म्हणाल्या, "बस रे मारोत्या." हे पँट सावरून बायकांच्या रांगेच्या कडेला मांडी घालून बसले.

मी चौदावं नाव घेतलं आणि थांबले.